टेपच्या डब्यातला आंबूस वास

जुन्या नभोवाणी केंद्राच्या संग्रहातला टेपचा डबा उघडला की जाणकार माणूस आधी तो नाकाजवळ धरतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती टेप तिथल्या तिथे इतरांपासून वेगळी केली जाते. लेबल वाचणं, मशीनवर चढवणं, ऐकणं हे सगळं नंतर.

मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. त्या काळात बोलणारा, गाणारा थेट मायक्रोफोनसमोर उभा राहायचा आणि कार्यक्रम हवेत विरून जायचा. चुंबकीय टेप जर्मनीत १९३० च्या दशकात तयार झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या केंद्रांत पोहोचली. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं, तेव्हा तिचा जमाना आलेला होता. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुण्याहून दर आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं प्रसारित झाली. आपल्या कानात बसलं आहे ते बहुतेक सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं. मूळ मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे कितीतरी गायक होते. तो पहिला आवाज ऐकायचा तर केंद्राच्या ध्वनिमुद्रणाकडेच जावं लागतं. म्हणून टेप कशी जगते आणि कशी मरते, हे समजून घ्यायला हवं.

टेप म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर लोहऑक्साइडच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांचा थर. हे कण पट्टीला धरून ठेवतो तो बाइंडर, म्हणजे एक प्रकारचा गोंद. आवाज साठतो कणांच्या चुंबकत्वात, आणि नीट ठेवलेल्या टेपमधलं ते चुंबकत्व साठ-सत्तर वर्षांनीही फारसं उतरत नाही. दगा देतात पट्टी आणि गोंद.

१९५०-६० च्या दशकांतल्या अनेक टेपांची पट्टी सेल्युलोज ॲसिटेटची असे. उष्णता आणि दमटपणा मिळाला की हे प्लास्टिक विघटित होऊन ॲसेटिक आम्ल सोडतं. व्हिनेगरमधलं आम्ल तेच. या आम्लामुळे विघटन आणखी वेगाने होतं आणि त्याची वाफ शेजारच्या डब्यांपर्यंत जाते. आंब्याच्या पेटीत एक नासला की बाकीच्यांचं जे होतं, तेच इथे. पट्टी आक्रसते, वाकडी होते, ठिसूळ होते. हे विघटन उलटवता येत नाही. थंड, कोरड्या खोलीत ते फक्त लांबवता येतं. ॲसिटेट ओळखायची एक सोपी खूण आहे: स्पूल उजेडासमोर धरलं तर गुंडाळीतून प्रकाश आरपार दिसतो. पॉलिएस्टरची गुंडाळी अपारदर्शक असते.

पॉलिएस्टर पट्टी मजबूत, म्हणून तिच्यावरच्या टेपा जास्त टिकतील असं कुणालाही वाटेल. पण १९७०-८० च्या दशकांतल्या काही नामांकित टेपा १९५० च्या दशकातल्या टेपांपेक्षा वाईट अवस्थेत सापडतात. त्यांच्यातला पॉलियुरेथेन बाइंडर हवेतलं पाणी शोषून तुटत जातो आणि चिकट होतो. मुंबईसारख्या, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत अशा हवेत त्याची कल्पना करा. अशी टेप मशीनवर लावली की किंचाळते, हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या मशीनच्या भागावर, तपकिरी लगदा सोडते, आणि त्या लगद्याबरोबर आवाजही निघून जातो. यावर प्रयोगशाळेतला उपाय म्हणजे टेप सुमारे ५० अंश सेल्सिअसला कित्येक तास नियंत्रित ओव्हनमध्ये तापवणं. त्यानंतर काही आठवडे ती वाजते. तेवढ्या मुदतीत प्रत काढून घ्यायची. ॲसिटेटच्या टेपला मात्र हा उपाय घातक आहे. म्हणून पट्टी कशाची, हे आधी ओळखायचं.

प्रत काढणं हे कष्टाचं काम आहे. नभोवाणीत टेप बहुधा सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर वेगाने फिरे. या वेगात १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर टेपवर जेमतेम ०.०१९ मिलिमीटर जागा घेते. वाचणारं हेड मूळ मुद्रणाच्या कोनापासून किंचित कललं, तरी तंबोऱ्याची झळाळी आणि ‘स’, ‘श’ची धार नाहीशी होते. म्हणून प्रत्येक टेपसाठी हेड नव्याने जुळवावं लागतं, आणि एक तासाची टेप उतरवायला एक तासाहून बराच जास्त वेळ जातो. प्रत संगणकावर उतरवताना साध्या एकमार्गी (मोनो) मुद्रणाचे सेकंदाला ९६,००० नमुने, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं, प्रत्येकी २४ बिट, अशी घेतली तर तासाभराला साधारण १ जीबी जागा लागते. जागा आता स्वस्त आहे; दुर्मीळ आहेत ती चालू मशीनं आणि ती दुरुस्त करणारे हात.

प्रत काढताना खरखर साफ करू नये, असं मला ठामपणे वाटतं. गोंगाट वाटणाऱ्या गोष्टीतही माहिती असते. विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीवरून मूळ मुद्रणाच्या वेळी मशीन किती हळू-जलद चालत होतं, याचा अंदाज येतो. गायकाच्या ‘सा’आधी त्याच ‘सा’ची पुसट चाहूल ऐकू येते, तीही गुंडाळीतल्या शेजारच्या थरावर उतरलेल्या चुंबकत्वाची. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर खुशाल करावी. पहिली प्रत जशीच्या तशी ठेवावी.

जे मुद्रितच झालं नाही किंवा पुसलं गेलं, त्यावर रसायनशास्त्राकडे इलाज नाही. टेप महाग असल्याने पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर होती. पण बीबीसीने पुसलेले कित्येक कार्यक्रम श्रोत्यांनी घरी केलेल्या मुद्रणांतून परत मिळाले. आपल्याकडेही रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून नाट्यसंगीत आणि श्रुतिका टिपणारी घरं होती. अशा कॅसेट माळ्यावर असतील, तर स्पीकरपासून दूर, कोरड्या जागी उभ्या ठेवा, बुरशी दिसली तर वाजवू नका, आणि तारीख, केंद्र, कार्यक्रम यांतलं जे घरातल्या मोठ्यांना आठवत असेल ते आजच लिहून घ्या.