लॅकर वाळतो, इनॅमल मुरतो: मॉडेल कारच्या बॉडीवर कुठला रंग कधी

रंगवलेल्या छताला डोळ्यांदेखत सुरकुत्या पडताना बघितल्यात कधी? मी बघितल्यात. १/२५ स्केलची १९५७ ची शेव्हर्ले बेल एअर, प्लॅस्टिकचं किट, फिरोजी बॉडी, रंग इनॅमल, एअरब्रशने मारलेला आणि आठवडाभर खोक्याखाली झाकून ठेवलेला. बोट लावलं तर ठसा उमटत नव्हता, म्हणजे वाळला असं धरलं आणि वरून लॅकरच्या क्लिअरचा, म्हणजे चमकेसाठीच्या बिनरंगी थराचा, एक चांगला ओला हात स्प्रे कॅनने मारला. पहिला अर्धा मिनिट काय चमक होती म्हणून सांगू. मग छताच्या मधोमध एक बारीकशी रेघ उठली, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता अख्खं छप्पर वाळक्या मनुक्यासारखं झालं. बॉनेट वाचलं कारण तोवर माझा हात थांबला होता.

यात दोष ना इनॅमलचा ना क्लिअरचा, दोन्ही आपापल्या जागी उत्तम. मीच दोघांना एका पंक्तीत बसवलं होतं, कारण दोन्हीला वास येतो, दोन्ही पाण्याने धुतले जात नाहीत, दोन्ही चकचकीत होतात आणि बाटलीवर नुसतं 'हॉबी कलर' लिहिलेलं असलं की फरक कळायचा कसा. हा घोळ नवख्यांचाच असतो असंही नाही, दहा किटं केलेली माणसंसुद्धा 'तो वासाचा रंग' म्हणून दोन्ही एकाच डब्यात ठेवतात.

मराठीत खरं तर आपल्याकडे दोघांना वेगवेगळे शब्द आहेतच. दरवाज्या-खिडक्यांना मारतो तो ऑइलपेंट म्हणजे इनॅमलचा घरचाच माणूस. आणि गॅरेजवाले, फर्निचरवाले ज्याला ड्युको म्हणतात तो मुळात लॅकर. ड्युको हे ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं ब्रँडनेम, गाड्यांवर तो आला १९२३ च्या सुमारास, जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर निळ्या रंगात. त्याआधी गाडी रंगवायची म्हणजे बग्गीसारखी, व्हार्निशचे थरावर थर आणि प्रत्येक थर वाळायची वाट बघत आठवडेच्या आठवडे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्यातच मिळायची, तो काळा रंग डांबरी जातीचा भट्टीत भाजलेला इनॅमल होता. लॅकर आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं, वर रंगही हवे ते मिळायला लागले.

आता मुद्द्याचं. दोघांतला खरा फरक ना वासात आहे ना चमकेत, तो कडक कसा होतो यात आहे. लॅकर म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेलं रेझिन, म्हणजे वाळल्यावर थर धरणारा राळेसारखा पदार्थ. थिनर उडून गेला की रेझिन मागे उरतं, झालं. कुठलीही रासायनिक भानगड नाही, मिठाचं पाणी आटलं की मीठ उरतं तसंच. म्हणून तो दहा-पंधरा मिनिटांत हाताला कोरडा लागतो, आणि म्हणूनच पाच वर्षांनीसुद्धा त्यावर लॅकर थिनरचा बोळा फिरवलात तर पुन्हा विरघळून निघतो. इनॅमलचं तसं नाही. त्यातही थिनर आधी उडतो आणि रंग हाताला कोरडा लागतो, पण त्याचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. त्यातलं तेलाच्या जातीचं रेझिन हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, एक जाळं तयार होतं. लोणच्यासारखं आहे हे, भरणी भरली म्हणजे लोणचं तयार झालं असं नसतं, ते मुरावं लागतं. थर जाड असेल, हवा गार असेल तर तीन-चार आठवडे सहज जातात. एकदा नीट मुरला की मग तो आपल्याच थिनरमध्येसुद्धा विरघळत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. माझ्या छताचंच बघा. आठवड्याचा इनॅमल वरून कोरडा पण आत अर्धाकच्चा. लॅकरचा थिनर जहाल, तो त्या अर्धवट जाळ्यात शिरला, जाळं फुगलं, आणि फुगलेल्या चामडीला बाजूला पसरायला जागा नसते, खाली ती चिकटलेली असते, मग ती वर उठते. त्याच सुरकुत्या. उलट दिशेने काही होत नाही, लॅकर खाली आणि इनॅमल वर असेल तर इनॅमलच्या सौम्य थिनरला लॅकर अजिबात दाद देत नाही. तेव्हा जहाल खाली आणि सौम्य वर. इनॅमलवर लॅकर मारणारे लोक आहेत, धुक्यासारखे हलके हात मारून निभावतात असं ते सांगतात, निभावतही असेल, मी मात्र आता त्या वाटेला जात नाही.

डबा उघडतानाही दोघं ओळखू येतात. इनॅमलची डबी महिनाभर अर्धवट बंद राहिली की वर साय धरते, जाड, रबरासारखी, कारण हवा वरूनच लागते. ती साय थिनरमध्ये पुन्हा विरघळत नाही, काडीने उचलून फेकायची आणि खालचा रंग वापरायचा. लॅकरची बाटली नुसती घट्ट होत जाते, साय वगैरे नाही, त्याचा थिनर टाका, हलवा, जिवंत. मी खडखडीत दगड झालेली बाटलीसुद्धा दोन दिवस थिनरमध्ये ठेवून परत वापरली आहे.

आणि तयार बॉडी हातात आली आणि कोणता रंग आहे ते माहीत नसेल, उदाहरणार्थ कुणी अर्धवट सोडलेलं जुनं किट, तर आतल्या बाजूला कानात घालायच्या कापसाच्या काडीने लॅकर थिनर लावून बघा. रंग लगेच कापसावर उतरला तर लॅकर. आधी सुरकुतला, फुगला, तुकड्या-तुकड्याने सुटला तर इनॅमल. फार घासू नका, खाली पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक आहे आणि लॅकर थिनर त्यालाही खातो.

खरी गंमत नावांत आहे आणि तिथेच जास्त फसगत होते. 'अॅक्रिलिक' हा शब्द बघितला की आपण पाण्याचा रंग समजतो, पण अॅक्रिलिक हे रेझिनचं नाव आहे, थिनरचं नव्हे. अॅक्रिलिक लॅकर असतो, अॅक्रिलिक इनॅमल असतो, आणि पाण्यातला अॅक्रिलिकही असतो. तामिया या कंपनीच्या छोट्या बाटल्यांत तर कहर आहे, एक्स-७ हा लाल रंग त्यांच्या अॅक्रिलिकमध्येही आहे आणि इनॅमलमध्येही, नंबर तोच, रंग तोच, आतला माल वेगळा. त्यांचे टीएस स्प्रे कॅन लॅकर, एलपी बाटल्या लॅकर, आणि पीएस कॅन या सगळ्यात बसतच नाहीत, ते आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात, किटच्या प्लॅस्टिकवर नको. इतर ब्रँडांत मिस्टर कलर लॅकर, हम्ब्रॉलच्या त्या ओळखीच्या बुटक्या डब्या इनॅमल. त्यामुळे बाटलीवरचं नाव वाचू नका, पातळ करायला काय सांगितलंय ते वाचा. लॅकर थिनर लिहिलं असेल तर लॅकर, व्हाइट स्पिरिट किंवा इनॅमल थिनर असेल तर इनॅमल, पाणी किंवा अल्कोहोल असेल तर तिसराच गडी.

मग बॉडीला कोणता? माझं मत सरळ आहे, बॉडीला लॅकर. थर पातळ बसतो, त्यामुळे दाराच्या फटी आणि बॉनेटवरची उठावाची अक्षरं बुजत नाहीत. एकेक थर खालच्या थरात वितळून एकजीव होतो, म्हणून २००० नंबरच्या पाणपेपरने घासून पॉलिश करताना थराची कडा उघडी पडत नाही. इनॅमलमध्ये प्रत्येक थर वेगळा राहतो, आणि शिवाय दुसरा हात एक तर पहिल्याच काही तासांत मारा नाहीतर पूर्ण मुरल्यावर, मधल्या काळात मारलात तर तो स्वतःच्याच थरावर सुरकुत्या पाडू शकतो. त्यात तो ओला इतका वेळ राहतो की खोलीतली सगळी धूळ त्याच्याच अंगावर येऊन बसते.

पण लॅकरचेही नखरे आहेत. दमट हवेत मारला तर पांढरट धुरकट पडतो, कारण थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. कोरड्या दिवशी वरून थिनरचा हलका फवारा मारला की बहुतेक वेळा जातो. दुसरं, उघड्या प्लॅस्टिकवर गाड्यांचा अस्सल जहाल लॅकर मारलात तर प्लॅस्टिकलाच कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, म्हणून आधी प्रायमर, आणि पहिले दोन हात लांबून, धुक्यासारखे. तिसरं माझं आवडतं दुखणं, लाल प्लॅस्टिकमध्ये मोल्ड केलेली बॉडी. लॅकर त्या लाल रंगाला वर ओढतो आणि तुमची पांढरी गाडी चार दिवसांत गुलाबी व्हायला लागते. चांदीच्या रंगाचा एक थर मध्ये घातला की थांबतं.

इनॅमल मग ठेवायचा कशाला? ब्रशसाठी. लॅकर ब्रशने लावायला गेलात तर दुसरा फटकारा पहिल्याला उचकटतो. इनॅमल निवांत पसरतो, ब्रशच्या रेघा आपोआप मिटतात, म्हणून इंजिनचा ब्लॉक, सीटा, डॅशबोर्डची बटणं, चॅसिस याला इनॅमलसारखा सोयीचा रंग नाही. फक्त पांढऱ्यासाठी आणि क्लिअरसाठी नको, वर्षांनी पिवळा पडतो. तो मुरलाय का हे बघायची युक्ती म्हणजे नाकाशी धरा, वास येतोय तोवर तो कच्चा. फळं सुकवायच्या यंत्रात ठेवून घाई करणारे आहेत आणि ते चालतंही, पण ४०-४५ अंशांच्या वर गेलात तर रंगाआधी बॉडीच वाकडी व्हायची.

एक गंमत अशी की खऱ्या गाड्यांतही ही वाटणी होती. पन्नास-साठच्या दशकांत जनरल मोटर्सच्या गाड्या लॅकरच्या, फोर्ड आणि क्रायस्लरच्या भट्टीत भाजलेल्या इनॅमलच्या. लॅकर कारखान्यात घासून चमकवावा लागे, इनॅमल भट्टीतून चकचकीतच निघे पण संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड घेऊन. म्हणजे फार काटेकोर असाल तर जनरल मोटर्सची शेव्हर्ले पॉलिश करा आणि फोर्डच्या सुरुवातीच्या मस्टँगला थोडी साल राहू द्या, अर्थात १/२५ ला मोजली तर ती साल दिसणारच नाही, आणि मॉडेलवर जी दिसते ती आपल्याच हातची असते.

माझी बेल एअर? रात्रभर ब्रेक फ्लुइडमध्ये बुडवून ठेवली, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासली, फिरोजी इनॅमल सालपटासारखा सुटून आला, प्लॅस्टिकला काही झालं नाही. भांड्याच्या साबणाने धुतली, प्रायमर, मग सगळं लॅकरमध्ये, रंगही आणि क्लिअरही, आणि पॉलिश. मग इनॅमल आणला. काळा पातळ करून दाराच्या फटीत बारीक ब्रशचं टोक टेकवलं की रेघ स्वतःच धावते, बाहेर सांडलेलं व्हाइट स्पिरिटच्या काडीने पुसलं, खालच्या फिरोजीला ओरखडासुद्धा नाही. शेवटी बॉनेटवरचं 'शेव्हर्ले'. अक्षरं तीन मिलिमीटरसुद्धा उंच नाहीत, इनॅमलची चांदी ब्रशवर घेऊन जवळजवळ कोरडा करून वरून फिरवायची. पहिल्यांदा हात हलला आणि दोन अक्षरं जोडली गेली. पुसलं. दुसऱ्यांदा पहिलं अक्षर फुगलं. पुसलं. पाचव्या खेपेला जमलं.