मण्यातला दोरा आणि चिंध्यांची बाहुली

नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ सापडली होती. प्रवरेकाठच्या या जागी पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९५४ पासून काही हंगाम खणून काढले. ज्या ताम्रपाषाणयुगीन थरातली ही माळ, तो तीन हजार वर्षांहून जुना. पुरातत्त्वात मणी सापडण्याचं कुणाला अप्रूप नसतं, ते टोपलीभर सापडतात. इथं अप्रूप होतं दोऱ्याचं. तांबं गंजताना होणारे क्षार कुजवणाऱ्या जंतूंना मारतात, त्यामुळे मण्यांच्या भोकात अडकून बसलेला धागा वाचला. तो तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम निघालं.

मण्यांचे दागिने आणि कापडी बाहुल्या हा छंद किती जुना, असं कुणी विचारलं की मला आधी हा धागा आठवतो. दगड, काच, शंख, सोनं यांचे मणी मातीत हजारो वर्षं तसेच राहतात. ते ओवणाऱ्या हातांचं काम म्हणजे दोरा, गाठ, पदर कुठे कसे पाडले ते. हे सगळं दोन-चार पावसाळ्यांत मातीला मिळतं. बाहुलीचं तर बोलायलाच नको. चिंध्यांची बाहुली काळ्या जमिनीत किती टिकणार? त्यामुळे आपल्याकडे या कलेचा लिखित-पुरलेला इतिहास मणी घडवणाऱ्यांचा आहे, ओवणाऱ्यांचा नाही. आणि बाहुल्यांमध्ये मातीच्या आणि हस्तिदंताच्या बाहुल्यांचा आहे, कापडाच्या नाही.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला अशी एक मातीची बाहुली आहे. एका घरात जमिनीखाली पुरलेला मातीचा डबा, त्यात कच्च्या मातीची बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, सोबत बैल. तिला देवी म्हणतात, आणि ते बरोबरच असावं. पण घरातल्या बाईने हातानं वळलेली छोटी मूर्ती देव्हाऱ्यातली की खेळातली, ही सीमा आपल्याकडे कधी फार पक्की नव्हती. आजही महालक्ष्म्या उभ्या करताना कोठीवर मुखवटा बसवतात, कापूस भरून कापडाचे हात शिवतात, साडी नेसवतात, अंगावर ठुशी-बोरमाळ-नथ चढवतात. भक्तिभाव बाजूला ठेवायचा नाही, पण हातांना जे कौशल्य लागतं ते बाहुली सजवण्याचंच.

कोरड्या वाळूच्या देशात मात्र कापडही टिकतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक चिंध्यांची बाहुली आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन नगरात सापडलेली, इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकातली. जाडंभरडं लिननचं, म्हणजे अळशीच्या धाग्याचं, कापड, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे कोंबलेले. आणि डोक्याच्या एका बाजूला टाकलेला एक छोटा निळा काचमणी, बहुधा केसांतला दागिना म्हणून. कुण्या आईनं किंवा आजीनं उरल्यासुरल्या कापडाची बाहुली केली आणि मग तिला वाटलं, नुसती कशी द्यायची, एक मणी तरी लावू. मणीकाम आणि बाहुली एकाच वस्तूत भेटलेली याहून जुनी गोष्ट मला ठाऊक नाही.

तो काळ आपल्याशी तुटलेला नाही. त्याच सुमारास इजिप्तच्या बंदरांतून निघणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाची प्रवासपुस्तिका लिहिली. तीत तो सांगतो की पैठणहून गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून, गोमेदासारखे रंगीत दगड मोठ्या प्रमाणात भडोचला येतात. आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, साधं कापड आणि मलमल. मण्याचा दगड पैठणचा, कापड तेरचं. मराठी मुलखाबद्दल परदेशी माणसानं लिहून ठेवलेल्या पहिल्या गोष्टींत आपल्या छंदाचा निम्मा कच्चा माल आलेला आहे! तेरच्या संग्रहालयात गेलात तर पांढऱ्या केओलिन मातीच्या, साच्यातून काढलेल्या बाहुल्या जरूर बघा, आणि ती हस्तिदंती स्त्रीमूर्तीही. तिच्याशी साधर्म्य असलेली एक मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. दोघींच्या अंगावर कपडा नावालाच, दागिने मात्र भरगच्च.

मणी कसे होत गेले हे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इतरत्र बरंच वाचायला मिळतं. अकीक, म्हणजे मण्यांसाठी वापरतात तो रंगीत दगड, गुजरातेतल्या खंबातचा: रतनपूरच्या खाणींतला भुरकट दगड भाजला की लाल होतो, ही युक्ती हडप्पाकाळापासूनची. काचमण्यांत क्रांती केली ती ओढीव मण्यानं. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढत न्यायची, थंड झाली की बारीक तुकडे पाडायचे, पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. एकेक मणी वळत बसण्याऐवजी एका नळीतून ढीगभर. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूचे असे मणी आग्नेय आशियापासून आफ्रिकेपर्यंत पोचले, आणि तिरुपतीजवळच्या पापानायडुपेटात अगदी परवापर्यंत ही नळी हातानंच ओढली जात होती.

मग या सगळ्यात आपली मावशी-काकू कुठे आली? बराच काळ नव्हतीच. ओवणं हे व्यवसायाचं काम होतं, आणि ते पटवेकऱ्यांचं होतं. रेशमी दोऱ्यात सोन्याचे मणी, पोवळी, मोती गाठवून देणं, गोफ वळणं, पोत दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पेशवाईत तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांच्या कुड्या, नथ असे मोत्यांचे दागिने श्रीमंत घरांत आले. इराणी आखातातला बसरा मोती भोक पाडायलाच अवघड, आणि महाग इतका की घरच्या बाईनं सुई घेऊन बसायचा प्रश्नच नव्हता. मण्यांशी सामान्य घराचा संबंध काळ्या मण्यांपुरता: लग्नात मंगळसूत्र आणि त्याच्याही आधी, बाळ तान्हं असतानाच, दृष्ट लागू नये म्हणून मनगट्या. नेवाशाच्या पोराच्या गळ्यातली माळही अशीच कुणी काळजीनं घातली असेल, असं मनात येतंच.

ओवण्याचं काम घरात आलं ते मणी स्वस्त झाल्यावर, आणि तो स्वस्त मणी परदेशी होता. आपली ‘पारंपरिक’ मण्यांची तोरणं म्हणून जे मिरवतो त्याचा माल मुळात युरोपातला आहे, हे ऐकून काहींना वाईट वाटतं, पण त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आगीच्या भीतीनं व्हेनिसनं १२९१ मध्ये आपल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. तिथल्या बारीक रंगीत मण्यांनी पुढे जग व्यापलं. पूर्व आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून ते एकोणिसाव्या शतकात सौराष्ट्रात आले आणि तिथल्या बायकांनी त्यातून मोतीभरत उभं केलं: पांढऱ्या मण्यांच्या पार्श्वभूमीवर हत्ती, मोर, घोडेस्वार. तोरणं, चाकळे (भिंतीवर लावायचे चौकोनी पडदे), इंढोण्या (डोक्यावर घागर ठेवायच्या चुंबळी). पाठोपाठ बोहेमियातल्या याब्लोनेत्स या गावानं, तेव्हाच्या जर्मन नावानं गाब्लोन्ट्सनं, बाजार पकडला. साच्यात दाबून केलेला मणी त्यांची खासियत, आणि हिंदुस्थानात काचेच्या बांगड्याही ते जहाजं भरभरून पाठवत. हौसेला लागणारी रंगीबेरंगी पुडी मुंबईच्या बाजारात चार-दोन आण्यांत मिळू लागली, तेव्हा कुठे मणी तिजोरीतून निघून शिवणाच्या डब्यात आला.

त्याच काळात शिवण आणि हस्तकाम शिकायच्या जागा निघाल्या. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनात (१९०९) बायका शिकायला येत त्यात शिवणाचे, हातकामाचे वर्ग होते. हेतू पोटापाण्याचा, विशेषतः विधवांच्या. पण शिकलेला हात घरी गेल्यावर गप्प बसत नाही. भरतकामाचा नमुना चौकटीच्या कागदावर मांडायचा, तोच मण्यांनी भरायचा. एक चौकोन म्हणजे एक मणी. या हिशेबात ज्यांचा हात बसला त्यांनी मग काय काय केलं ते रुखवतावर दिसायचं.

रुखवत हे या छंदाचं आपल्याकडचं खरं प्रदर्शन. मुलीच्या अंगी कला किती ते वरपक्षाला दाखवायचं टेबल. आमच्या घरातल्या एका आत्याच्या रुखवतातला मण्यांचा पोपट मी लहानपणी पाहिला आहे. हिरवे मणी, लाल चोच, पोटात कापूस, आणि सगळं तंगुसात ओवलेलं. मासे पकडायचा नायलॉनचा तंगूस या कामात कधी शिरला कोण जाणे, पण शिरला तो कायमचा. तो कुजत नाही, मण्याच्या भोकातून सुईशिवाय जातो, आणि गाठ मात्र घसरते, म्हणून टोक उदबत्तीनं किंवा काडीनं जाळून गोळी करायची. प्लॅस्टिकचे मणी आणि तंगूस आल्यावर पोपट, पर्स, महिरप, ताटाभोवतीची नक्षी यांना ऊत आला. त्यातल्या बऱ्याच वस्तू, खरं सांगायचं तर, बघवत नसत. आता रुखवत तयार विकत मिळतं, भाड्यानंही मिळतं, त्यामुळे त्यावरून मुलीची कला जोखायचा प्रश्न मिटला. हलव्याच्या दागिन्यांचं मात्र उलट झालं. संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बोरनहाणाच्या बाळासाठी घरी करायची ही गोष्ट आता कितीतरी बायकांचा हंगामी धंदा आहे. मण्याऐवजी काटेरी हलवा, एवढाच काय तो फरक.

बाहुलीची वाट जरा वेगळी. मराठी घरातली जुनी बाहुली म्हणजे ठकी, लाकडाची, रंगवलेली, साडी अंगावर चितारूनच आलेली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या ओळीत ती बसायची. तिला सजवायला फार वाव नाही. सजवायला मिळायची ती चिंध्यांची: आईच्या फाटक्या लुगड्याचं अंग, डोळे काजळाचे किंवा काळ्या दोऱ्याचे, केस लोकरीचे, आणि मंगळसूत्र घालायचं तर दोन काळे मणी मागून आणलेले. बाहुला-बाहुलीच्या लग्नात तिला शालू लागे, मुंडावळ्या लागत, विहीणबाईंचा मान लागे. तुळशीबागेतून भातुकलीची पितळी भांडी विकत यायची, बाहुली मात्र घरी व्हायची. मागच्या पिढ्यांनी ती जपून ठेवली नाही कारण ती जपायची वस्तूच नव्हती. फाटली की दुसरी.

कापडी बाहुलीला कलेचा मान मिळाला तो घराबाहेर. व्यंगचित्रकार शंकर यांना जमलेल्या देशोदेशीच्या बाहुल्यांतून दिल्लीचं बाहुली संग्रहालय १९६५ मध्ये उघडलं, आणि तिथल्या कार्यशाळेत भारतातल्या प्रांतोप्रांतीच्या पेहरावातल्या बाहुल्या होऊ लागल्या. पेहराव नीट हवा म्हटलं की दागिना नीट हवा, आणि बोटभर बाहुलीच्या गळ्यात बसेल एवढा दागिना बारीक मण्यांचाच होतो. नंदुरबारचा सातपुडा आणि पुढे नर्मदा ओलांडून वर गेलं की मध्य प्रदेशात झाबुआ. तिथल्या भिल्ल बाहुल्या मला या सगळ्यांत जास्त आवडतात. जोडीनं उभ्या, त्याच्या हातात तीरकामठं, तिच्या गळ्यात मण्यांच्या माळा. बाहुलीवरची माळ ही शोभेसाठी शोधून काढलेली नाही, तिथल्या बाया घालतात त्या माळांचीच ती छोटी प्रत आहे. या कामासाठी रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आज पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला मणी घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, चायना पाहिजे की जपानी? फरक हातात घेतल्यावर कळतो. हिरोशिमा प्रांतातल्या मियुकी कंपनीचे (स्थापना १९४९) मणी एकसारखे, विटेसारखे एकमेकांशी बसणारे. साधे, म्हणजे चायना, मणी स्वस्त, पण दर दहातला एखादा वाकडा, एखाद्याचं भोकच बंद. बाहुलीसाठी मी साधेच घेतो. वाकडा मणी केसात लपतो.

पटवेकरी अजून आहेत. जुन्या पेठांत सराफांच्या शेजारी चिंचोळ्या फळीवर बसतात. पोत द्यायची, तर समोर मणी मोजून द्यायचे, तिथंच बसून राहायचं आणि परत मोजून घ्यायचे, ही रीत दोघांनाही मान्य. दोरा ते पायाच्या अंगठ्याला ताणून धरतात आणि गाठ मारताना मान वर करत नाहीत. मागच्या खेपेला मी विचारलं, रेशीम का, तंगूस का नाही? ते म्हणाले, तंगूस सोन्याला झिजवतो, आणि तुटायचा तेव्हा न सांगता तुटतो. रेशीम आधी काळं पडतं, मग विरतं. तेवढ्या अवधीत बाया पोत पुन्हा ओवायला घेऊन येतात.