फ्लोरिडाची राज्यघटना बदलताना जनसुनावणीत कोण बोलू शकतं? पात्रता, कागद आणि वेळापत्रक

महाराष्ट्राला किंवा गोव्याला स्वतःची वेगळी घटना नाही, म्हणून तिकडे नव्याने गेलेल्या आपल्या माणसांना हा प्रकार माहीत नसतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याची घटना असते. फ्लोरिडात तर ती तपासायला दर 20 वर्षांनी 37 जणांचा आयोग बसतो: 15 जण गव्हर्नरचे, प्रत्येकी 9 जण दोन्ही सभागृहांच्या प्रमुखांचे, 3 राज्याच्या सरन्यायाधीशांचे आणि पदसिद्ध अ‍ॅटर्नी जनरल. यातला एकही जण या कामासाठी आपण निवडून दिलेला नसतो. म्हणूनच जनसुनावणीला महत्त्व आहे आणि ती घेणं घटनेनेच बंधनकारक केलंय. आयोगच नको, असा प्रस्ताव 2022 मध्ये मतदानाला आला होता. त्याला निम्म्याहून जास्त मतं पडली, पण लागणारी 60 टक्के मिळाली नाहीत. त्यामुळे पुढचा आयोग 2037 मध्ये.

सुनावणीत बोलायला नागरिकत्वाची अट घटनेत नाही. ग्रीन कार्डवाले, व्हिसावर राहणारे, कुणीही आपलं म्हणणं मांडू शकतं. मात्र आयोग आपले नियम दर वेळी नव्याने ठरवतो, ते आधी वाचून घ्या. साधारणपणे दारात एक कार्ड भरून द्यावं लागतं: नाव, गाव, विषय, बाजूने की विरोधात. वेळ दोन-तीन मिनिटांचाच धरून चाला.

खरी तयारी कागदावरची. ‘शाळा सुधारा’ एवढं म्हणून काही हाती लागत नाही. कितव्या अनुच्छेदातलं कितवं कलम, हे लिहा. मूळ मजकूर उतरवून काढायच्या शब्दांवर काट मारा, घालायच्या शब्दांखाली रेघ ओढा. तिथल्या विधेयकांची हीच पद्धत आहे. सोबत कारण चार ओळींत. लोकांचा प्रस्ताव आपोआप मतपत्रिकेवर जात नाही, आयोगातल्या सदस्यांनी तो उचलून धरावा लागतो. नीट लिहिलेला कागद त्यांच्या हातात ठेवलात तर त्यांचं काम सोपं होतं.

शब्दांवर एवढा भर का? 2018 मध्ये आयोगाने आठ प्रस्ताव पाठवले. शाळांविषयीचा एक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेवरून काढून टाकला, कारण मुख्य हेतू मतदाराला कळेल असा तो लिहिलेलाच नव्हता. उरलेले सातही मंजूर झाले. त्यातल्या एकात समुद्रातल्या तेलविहिरींवर बंदी आणि बंदिस्त कामाच्या ठिकाणी ई-सिगारेटवर बंदी, दोन्ही एकत्र बांधलं होतं. मतदाराला एक हवं, दुसरं नको, अशी सोयच नव्हती. मला हे पटत नाही. अशी मोट बांधलेली दिसली तर ‘हे वेगवेगळं करा’ असं सुनावणीतच सांगा, नंतर ते सांगायला जागा उरत नाही.

आयोगाला आपले प्रस्ताव सार्वत्रिक निवडणुकीच्या किमान 180 दिवस आधी दाखल करावे लागतात. निवडणूक नोव्हेंबरात, म्हणजे मे महिन्यात दार बंद. बोलायचं ते त्याआधी.

मतदान मात्र फक्त अमेरिकन नागरिकांना, वय 18 पूर्ण आणि फ्लोरिडात वास्तव्य. नोंदणीसाठी ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा राज्याच्या ओळखपत्राचा नंबर, नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे. केंद्रावर फोटो आणि सही असलेलं ओळखपत्र न्या. नोंदणी मतदानाच्या 29 दिवस आधी बंद होते, तेव्हा नव्याने नागरिक झालेल्यांनी शपथ घेतल्यावर लगेच फॉर्म भरून टाकावा.