बूस्टर परत आणण्याचा हिशेब

रॉकेटचा बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा जोर देऊन सुटणारा भाग, परत वापरणे स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटपासून सुरू झाले, असा समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेच्या स्पेस शटल यानाने १२ एप्रिल १९८१ रोजी पहिले उड्डाण केले, तेव्हापासूनच त्याचे दोन पांढरे बूस्टर समुद्रातून ओढून आणले जात होते.

आणण्याचा खटाटोप मोठा होता. उड्डाणानंतर दोन मिनिटांनी, सुमारे ४५ किलोमीटर उंचीवर बूस्टर सुटत आणि पॅराशूटने अटलांटिकमध्ये उतरत. पाण्यात ते उभे तरंगत. मग 'लिबर्टी स्टार' आणि 'फ्रीडम स्टार' ही जहाजे तिथे पोहोचत. पाणबुडे खाली जाऊन नॉझलला, म्हणजे ज्वाला बाहेर पडायच्या तोंडाला, बूच मारत, आत हवा सोडून पाणी बाहेर काढत, तेव्हा कुठे ते ४५ मीटरचे धूड आडवे होई आणि फ्लोरिडाला ओढत नेता येई. पुढे खारे पाणी धुऊन काढायचे, सगळे सुटे करायचे आणि पोलादी कवचाचे तुकडे रेल्वेने युटामधल्या कारखान्यात पाठवायचे. तिथे बूस्टरमागे सुमारे ५०० टन घन इंधन नव्याने भरायचे, की परत रेल्वे.

एवढे करून वाचले काय? मुख्यतः पोलादी नळी! घन इंधनाच्या बूस्टरमध्ये द्रव इंधनाच्या इंजिनासारखी महागडी, फिरती यंत्रे नसतातच. त्यात शटल आठवड्याला एकदा उडेल असे सुरुवातीचे अंदाज होते. प्रत्यक्षात सर्वाधिक उड्डाणे १९८५ मध्ये झाली, ती ९. पुढच्याच जानेवारीत अशाच दोन तुकड्यांच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने आखडली आणि 'चॅलेंजर' सात अंतराळवीरांसह नष्ट झाले.

१९९३ मध्ये न्यू मेक्सिकोत 'डीसी-एक्स' हे छोटे रॉकेट इंजिनाच्याच जोरावर उभे उतरले. पण तो प्रयोग फार पुढे गेला नाही. स्पेसएक्सनेही आधी पॅराशूटच वापरून पाहिले. बूस्टर वातावरणात शिरतानाच मोडत, पॅराशूट उघडायची वेळच येत नसे. मग इंजिन पुन्हा पेटवून उतरायचे ठरले. त्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते आणि उपग्रहाचे वजन तितके कमी करावे लागते. शिवाय फाल्कनच्या नऊपैकी एकच इंजिन, तेही अगदी मंद केले तरी, रिकाम्या बूस्टरला वर उचलेल इतका जोर देते. म्हणजे अधांतरी थांबून अंदाज घ्यायची सोय नाही. वेग आणि उंची एकाच क्षणी शून्यावर यायला हवी. जानेवारी २०१५ मध्ये दिशा देणाऱ्या पात्यांचे हायड्रॉलिक तेल संपले आणि बूस्टर समुद्रातल्या तराफ्यावर आदळला. त्याच डिसेंबरात एक जमिनीवर नीट उतरला, एप्रिल २०१६ मध्ये दुसरा तराफ्यावर.

या तराफ्यावरच्या बूस्टरला पुन्हा उडायला जवळजवळ वर्ष लागले: ३० मार्च २०१७. माझ्या मते खरा हिशेब दोन उड्डाणांमधल्या या काळाचा आहे. मार्च २०२५ मध्ये तो नऊ दिवसांवर आला होता आणि एकेका बूस्टरची उड्डाणे तिसाच्या पुढे गेली आहेत. बूस्टरच्या वरचा दुसरा टप्पा मात्र अजूनही दरवेळी नवाच लागतो. गंमत म्हणजे ग्राहकाचा दर उतरलेला नाही: २०१६ मध्ये ६.२ कोटी डॉलर, २०२२ मध्ये ६.७ कोटी. बचतीचा मोठा फायदा कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंक उपग्रहांना मिळाला.

इस्रोने २०२३-२४ मध्ये चित्रदुर्गजवळ 'पुष्पक' हे पंखांचे यान हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर उतरवले. ही वाट शटलच्या वळणाची, तेही पंखांवर धावपट्टीवर उतरे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेले ८,२४० कोटी रुपये मात्र ज्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल अशा नव्या प्रक्षेपकासाठी आहेत.