रिप्लायचं बटणच काढून टाकलं तर?

ऑनलाइन चर्चा भांडणावर का जाते याचं उत्तर आपण माणसांच्या स्वभावात शोधतो, पण बऱ्याचदा खरा खोडकर असतो तो रिप्लायचं बटण. एकाने काही लिहिलं की दुसरा त्याच्यावर तुटून पडतो, तिसरा मजा बघायला येतो, आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

'पोलिस' नावाचं एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेलं, सॉफ्टवेअर आहे (दचकू नका, दंडुकेवाल्यांशी काही संबंध नाही). त्यात रिप्लाय देताच येत नाही. स्क्रीनवर एका वेळी एकच वाक्य येतं, समजा टॅक्सीच्या नियमांवर चर्चा असेल तर 'प्रत्येक प्रवाशाचा विमा असलाच पाहिजे', आणि तुम्ही सहमत, असहमत किंवा पास म्हणायचं. मनातलं वेगळं असेल तर स्वतःचं वाक्य टाका, ते बाकीच्यांकडे मतासाठी जातं, बास.

मशीन काय करतं, तर कोणी कशावर काय मत दिलं त्याचा भला मोठा तक्ता बनवतं आणि सारखी मतं असलेल्यांना जवळजवळ बसवतं, त्यातून गट दिसायला लागतात. आता गंमत बघा. समजा ९० जणांचा एक गट आणि १० जणांचा दुसरा. पहिलं वाक्य मोठ्या गटात ९० टक्क्यांना पटलं, छोट्यात फक्त १० टक्क्यांना, म्हणजे एकूण १०० पैकी ८२ मतं. दुसरं वाक्य दोन्ही गटांत ७० टक्क्यांना पटलं, एकूण ७०. साध्या मतमोजणीत पहिलं जिंकतं. पण इथे गटांच्या टक्केवारीचा गुणाकार करतात: ०.९ × ०.१ म्हणजे ०.०९, आणि ०.७ × ०.७ म्हणजे ०.४९. दुसरं वाक्य सरळ वर! दहा जणांना चिरडून पुढे जाताच येत नाही, मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

अर्थात मतं खरी असतील तरच. २०१७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नेट न्यूट्रॅलिटीवर (म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइट्सना सारखंच वागवावं या तत्त्वावर) लोकांची मतं मागवली, २ कोटी २० लाखांवर आली, आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, चौकशीत कळलं की त्यातली जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होती. ७७ लाख तर १९ वर्षांच्या एकाच कॉलेजवाल्या पोराची! म्हणून ओळख तपासावी, तर सरकारविरुद्ध बोलणारा घाबरून गप्प बसतो. यावर सोपा तोडगा अजून तरी मला दिसलेला नाही.

आणि ज्याच्याकडे फोनच नाही तो या तक्त्यात कुठेच नसतो.

तैवानमध्ये २०१५ साली 'व्हीतैवान' या लोकांची मतं घेऊन नियम ठरवण्याच्या उपक्रमात उबरला कोणते नियम लावायचे यासाठी पोलिस वापरलं तेव्हा मशीनला निर्णय घ्यायला लावलाच नाही. त्याने एकमताचे मुद्दे काढून दिले, मग उबर, टॅक्सी संघटना आणि सरकारी अधिकारी यांची समोरासमोर बैठक झाली, तीही लाइव्ह. लोकांनी ठरवलेल्या मुद्द्यांवर त्यांना तिथेच, सगळ्यांच्या देखत, उत्तरं द्यावी लागली.