शहीद जवानाच्या मुलांची फी: अर्ज नेमका कुठे अडतो

आधी शब्दाचं बघू. गावात कमान उभी राहते, तिच्यावर 'शहीद' लिहिलेलं असतं, ग्रामपंचायत ठराव करून दाखला देते. फीच्या अर्जाला त्या दाखल्याचा काडीचा उपयोग नाही. संरक्षण खात्याच्या नोंदीत 'बॅटल कॅज्युअल्टी' असते, म्हणजे लढताना किंवा हल्ल्यात आलेला मृत्यू वा जखम, किंवा 'फिजिकल कॅज्युअल्टी' असते, म्हणजे अपघात-आजारासारखी इतर कारणं. यातलं तुमच्या फायलीत काय लिहिलंय, त्यावर मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलणार की नाही हे ठरतं. ते कळल्याशिवाय झेरॉक्सवर पैसे घालू नका.

योजना जुनी आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली आणि दोनच दिवसांनी लोकसभेत घोषणा झाली: युद्धात मारले गेलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांना शिक्षणात सवलत. १९७२ पासून ती लागू आहे. सियाचीनमधलं ऑपरेशन मेघदूत आणि श्रीलंकेतलं ऑपरेशन पवन नंतर त्यात आले. शिकवणी फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश असा खर्च मिळतो, पहिल्या पदवीपर्यंत. एमए-एमएस्सीची फी यात बसत नाही.

'महिन्याला दहा हजारच मिळतात' असं अजूनही सांगितलं जातं. १ जुलै २०१७ पासून फी आणि वसतिगृह मिळून १०,००० रुपयांची मर्यादा खरंच घातली होती. ज्या देशात शहिदांच्या नावाने एवढी भाषणं होतात, तिथे ही काटकसर कुणाला सुचली देव जाणे. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी ती उठवावी म्हणून संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा काढली गेली. मात्र एक अट राहिली: संस्था सरकारी, अनुदानित, सैनिकी किंवा केंद्र वा राज्य सरकारची मान्यता असलेली हवी. मान्यता नसलेल्या 'अकॅडमी'त मुलाला घातलं असेल तर तिथली पावती चालणार नाही. पुस्तकांना वर्षाला २,००० रुपये हीच कमाल, पावती कितीचीही असो.

आता 'ड्युटीवर गेले' याबद्दल. सर्वांत जास्त मनस्ताप इथेच होतो. ड्युटीवर जाताना गाडी उलटून मृत्यू झाला तर तो सेवेमुळे झालेला मृत्यू मानला जातो आणि पत्नीला विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के. शत्रूशी लढताना किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर 'लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन', म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. दोन्ही घरांचं दुःख सारखंच, पण फायली वेगळ्या. म्हणून पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा आणि त्यावर पेन्शनचा कोणता प्रकार छापलाय ते वाचा. 'लिबरलाइज्ड' असेल तर ती चांगली खूण आहे, पण पुरावा नव्हे. अर्जाला रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं, पात्रतेचं पत्रच लागतं.

आणि रेकॉर्ड ऑफिस म्हणजे घराजवळची छावणी नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करातले अभियंते) खडकीला. पतीची शेवटची पोस्टिंग कुठे होती याचा इथे संबंध नाही, रेजिमेंट कोणती हे महत्त्वाचं. शेवटच्या युनिटला पाठवलेली पत्रं महिनोन्‌महिने फिरत राहतात, कारण युनिट दर दोन-तीन वर्षांनी हलतं. पत्रावर सैनिक क्रमांक ठळक लिहा. नुसत्या नावाचे तिथे शेकडो पाटील आणि जाधव आहेत.

याहून चिवट अडचण नावाची. बाळ जन्मलं तेव्हा जवान सीमेवर होता. घरी पाळण्यात नाव ठेवलं 'सोन्या', त्याने युनिटमध्ये तेच कळवलं आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या कुटुंबाची माहिती नोंदवणाऱ्या लष्करी आदेशात, 'सोनू' छापलं गेलं. शाळेत नाव पडलं स्वप्निल. कागदोपत्री सोनू आणि स्वप्निल ही दोन वेगळी मुलं. जन्मतारखेचंही तसंच, आईची तर बहुतेक वेळा '१ जून' असते, मास्तरांनी शाळेत घातलेली. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत दुरुस्तीला पाठवा. वेळ लागतो, चिकाटीने विचारत राहावं लागतं. ताई, मूल नववीत असतानाच हे उरका. बारावीच्या निकालाच्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही.

फीच्या पावतीवर एकरकमी आकडा नको. शिकवणी फी, वसतिगृह, बाकीचं असं वेगवेगळं लिहून, शिक्का मारून मुख्याध्यापकांकडून घ्या. कारकून कुरकुर करेल, करू दे.

या योजनेत बसत नसाल तर दार बंद झालं असं नाही. केंद्रीय सैनिक मंडळाची पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांची मुलं आणि विधवा दोघांनाही आहे: मुलींना महिन्याला ३,००० रुपये, मुलांना २,५००. व्यावसायिक अभ्यासक्रम आणि ६० टक्के गुण हवेत. कुठले ६० टक्के, हे मात्र नीट वाचा. इंजिनिअरिंगला बारावीचे, पण बीएडला पदवीचे. बीएडच्या मुली बारावीची गुणपत्रिका चढवतात आणि बाद होतात. कागद मूळ प्रतीवरून स्कॅन करा, झेरॉक्सवरून नको.

हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांसाठी वेगळं शिक्षण अनुदान आहे, पहिली ते पदवी, दोन मुलांपर्यंत. ते १,००० रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिन्याला २,००० झालं. मागची इयत्ता पास असल्याची गुणपत्रिका लागते. त्याच कारणासाठी राज्याकडून किंवा आताच्या नोकरीतून पैसे घेतलेले नसावेत, ही अट लपलेली असते. आई नोकरीला लागली असेल आणि तिथे मुलांचा शिक्षण भत्ता घेत असेल तर तो लपवू नका, उघडकीला येतो.

सीआरपीएफ, बीएसएफ यांची मुलं सैनिक मंडळाच्या खिडकीवर उभी राहतात आणि परत फिरतात. त्यांची पंतप्रधान शिष्यवृत्ती गृहखात्याकडून येते. त्यांनी आपल्या दलाकडे चौकशी करावी.

शेवटचं, ऑनलाइन फॉर्म भरतानाचं. अर्जात त्रुटी निघाली की तो परत येतो आणि तसा निरोप ईमेलवर, मोबाइलवर जातो. कॅफेवाला घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो, मोबाइल नंबर मुंबईच्या मामाचा असतो. निरोप आलेला घरी कळतच नाही आणि मुदत निघून जाते. फॉर्म पाठवण्याआधी नंबर स्वतः वाचून बघा, आणि पासवर्ड वहीत लिहून घेऊनच दुकानातून उठा.