दुधी काचेवर पांढरी अक्षरं : ऑर्डर देण्याआधी वाचा

केबिनच्या दुधी काचेवर पांढऱ्या रंगात नाव हवं, असं सांगत बरेच ग्राहक आमच्या वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये येतात. काम सुंदर दिसतं, यात शंका नाही. पण पांढऱ्यावर पांढरं असल्याने मटेरियल चुकलं की नाव वाचताच येत नाही.

आधी एचिंगची, म्हणजे काच खरबरीत करून दुधी केलेली, बाजू ओळखा. ओलं बोट काचेवर टेकवा. ओला ठिपका क्षणभर आरपार दिसला, तर तीच खरबरीत बाजू. विनाइल, म्हणजे ज्यातून अक्षरं कापतात ती चिकट प्लास्टिक फिल्म, शक्यतो दुसऱ्या, गुळगुळीत बाजूला लावावं. खरबरीत बाजूच्या बारीक खळग्यांत गोंद सारखा बसत नाही. अक्षरांत डाग दिसतात, कडा सुटतात, आणि उद्या नाव बदलायचं झालं तर गोंद आतच अडकून राहतो. मात्र वाचणाराही गुळगुळीत बाजूलाच हवा. पलीकडून कडा धूसर दिसतात. म्हणून काच बसवण्याआधीच काचवाल्याला बाजू सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट उजेडाची. घोडबंदर रोडवरच्या एका दवाखान्याचं नाव आम्ही साध्या पांढऱ्या विनाइलमध्ये केलं होतं. दुपारी झकास दिसलं. संध्याकाळी आतले दिवे लागले आणि नाव राखाडी पडून काचेत विरून गेलं. आम्ही ते स्वखर्चाने बदलून दिलं. मागून उजेड येणार असेल, तर मागे राखाडी थर असलेलं ब्लॉकआउट विनाइलच घ्या. रात्री तेही पांढरं दिसत नाही, गडद सावलीसारखं दिसतं, पण स्वच्छ वाचता येतं. रात्रीही पांढरंच हवं असेल, तर समोरून एक दिवा लावावा लागेल.

मोठ्या, सरळ अक्षरांना पॉलिमरिक (लाटून बनवलेलं, मध्यम दर्जाचं) विनाइल पुरतं. बारीक अक्षरांना सुमारे ५० मायक्रॉनचं कास्ट (द्रव ओतून बनवलेलं, पातळ) विनाइल घ्या; महाग पडतं, पण फारसं आकसत नाही. मराठी नावांत अनुस्वार आणि रफार फार लहान असतात, वीडिंग करताना, म्हणजे अक्षरांभोवतीचं नको असलेलं विनाइल सोलून काढताना, तेच आधी निघून येतात. अशा वेळी आम्ही कटिंगऐवजी यूव्ही प्रिंट (अतिनील प्रकाशाने लगेच सुकणाऱ्या शाईची छपाई) सुचवतो, पांढऱ्या शाईचे दोन थर देऊन. साध्या इको-सॉल्व्हंट (बॅनर-स्टिकर छापायच्या) मशीनवर बहुतेक वेळा पांढरी शाई नसते, हे दर विचारताना लक्षात असू द्या.

पावसाळ्यात एसी केबिनची काच बाहेरून घामेजते. ओलसर काचेवर विनाइल नीट चिकटत नाही, म्हणून आम्ही येण्याआधी एसी बंद ठेवा.

पक्की ऑर्डर देण्याआधी नमुन्याचं एक अक्षर मागून घ्या. तुमच्याच काचेवर लावून सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा बघा. नमुन्याचे पैसे आम्ही घेत नाही.